नवजात बाळाचा थायरॉइड: वजनाचं किती, मुलगा-मुलगीचं किती?

मोठ्या माणसाच्या रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ७० आला तर डॉक्टर गोळी सुरू करायला उशीर करणार नाहीत. जन्मून अर्धा तास झालेल्या बाळाच्या रक्तात तोच ७० आला तर काळजीचं काही कारण नाही. ते अपेक्षितच आहे. आणि तेच बाळ चार दिवसांचं झालं, तरी आकडा ७० वरच असेल, तर मात्र त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवेत.

नवजात बाळाच्या थायरॉइडबद्दल जो गोंधळ होतो, त्याचं मूळ इथे आहे. रिपोर्टवर एकच आकडा असतो. त्याचा अर्थ लावायला मात्र बाळ किती तासांचं होतं, किती आठवड्यांनी जन्मलं, वजन किती, मुलगा की मुलगी, हे सगळं विचारावं लागतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यात सहज नजरेत भरतात आणि त्यांच्याबद्दल गैरसमजही तितकेच होतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: वजनाचा संबंध खरा आहे, पण तो बराचसा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मुलगा-मुलगी हा फरकही खरा आहे, पण लोकांना वाटतो त्या ठिकाणी तो नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन वापरून टी४ हे हार्मोन बनवते. टी४ म्हणजे बराचसा साठा. शरीरातल्या पेशी त्यातला आयोडीनचा एक अणू काढून टी३ बनवतात, आणि खरं काम टी३ करतो. ग्रंथीने किती माल काढायचा, हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ठरवते आणि त्यासाठी टीएसएच सोडते. टीएसएच म्हणजे पिट्युटरीचा तगादा. माल वेळेवर येत असेल तर तगादा सौम्य राहतो, कमी पडला की वाढतो. म्हणून थायरॉइड मंद असतो तेव्हा टी४ खाली आणि टीएसएच वर जातो. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सोपं आहे. फक्त एक मेख आहे: तगादा लावणाराच अजून तयार झालेला नसेल तर? कमी दिवसांच्या बाळांत नेमकं तेच होतं.

गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार व्हायला लागते, साधारण चौथ्या आठवड्यात. तिथून ती खाली सरकत सातव्या आठवड्याच्या सुमारास गळ्यातल्या जागी पोचते. दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून ती थोडंथोडं हार्मोन बनवू लागते, पण निम्मे दिवस भरेपर्यंत बाळाची मुख्य भिस्त आईच्या टी४ वरच असते. नंतरही आईकडून येणारा हा पुरवठा पूर्ण थांबत नाही. ज्या बाळांना ग्रंथीच नसते, त्यांच्याही नाळेच्या रक्तात नेहमीच्या तुलनेत तिसरा हिस्सा ते निम्मा टी४ सापडतो. तो सगळा आईचा. म्हणून अशी बाळं जन्मतात तेव्हा बहुधा अगदी नॉर्मल दिसतात. चेहऱ्यावर सूज, मोठी जीभ, घोगरं रडणं, बाहेर आलेली बेंबी, लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, सतत झोपून राहणं, ही पुस्तकी लक्षणं आईकडून आलेलं हार्मोन संपल्यावर हळूहळू उमटतात. तोवर मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. डोळ्यांनी बघून हा आजार पकडता येत नाही, म्हणूनच प्रत्येक बाळाची टाच टोचून रक्त घ्यायची पद्धत आली.

आता तो अर्ध्या तासातला ७०. गर्भात ऊब असते. बाहेर येताच बाळाला गारठा लागतो आणि नाळ बांधली जाते. या धक्क्याने पिट्युटरी एकदम जागी होते आणि सुमारे अर्ध्या तासात टीएसएच ६० ते ८० मिली-युनिट प्रति लिटरपर्यंत उसळतो. चोवीस तासांत तो २० च्या आसपास उतरतो आणि पहिला आठवडा संपेपर्यंत बहुतेक बाळांत १० च्या खाली येतो. या उसळीच्या मागोमाग टी४ आणि टी३ वाढतात, टी३ तर कित्येक पटींनी. यामागे साधी गरज आहे. बाळाला कुडकुडून ऊब मिळवता येत नाही. पाठीवर, मानेपाशी, मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते अंग गरम ठेवतं, आणि ती चरबी पेटायला टी३ लागतो. गर्भात असताना वार (प्लॅसेंटा) टी४ चा बराच भाग निष्क्रिय करून टाकत होती, तीही आता राहिलेली नसते.

म्हणूनच टाचेचं रक्त शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात. पहिल्या दिवशीच घेतलं तर ही नैसर्गिक उसळ आजारासारखी दिसते आणि निष्कारण पुन्हा बोलावणं येतं. काही ठिकाणी नाळेचं रक्त वापरतात. ते उसळीच्या आधीचं असतं, त्यामुळे चालतं, पण त्यात प्रसूतीचा ताण डोकावतो. कळा लांबल्या, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला, बाळ गुदमरलं, तर नाळेतला टीएसएच वर सरकतो. एकाच बाळाचा नाळेतला आकडा आणि तिसऱ्या दिवशीचा टाचेतला आकडा शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

अशीच आणखी एक फसगत होते. टाचेचं रक्त फिल्टर पेपरवर वाळवलेलं, म्हणजे अख्खं रक्त असतं, तर शिरेतून काढलेल्या नमुन्यात फक्त सीरम तपासतात. अख्ख्या रक्तात लाल पेशींनी जागा व्यापलेली असल्याने त्याच बाळाचा आकडा सीरमच्या जवळपास निम्मा येतो. कार्डावर २० आणि दोन दिवसांनी लॅबमध्ये ४० दिसला की घरच्यांना वाटतं, आजार दुपटीने वाढला. तो बहुधा वाढलेला नसतो, फक्त मोजायची पद्धत बदललेली असते.

आता वजनाकडे. जन्मवजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला कमी वजनाचं बाळ म्हणतात, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. पण या एका नावाखाली दोन अगदी वेगळी बाळं येतात. समजा दोघांचं वजन १८०० ग्रॅम आहे. एक बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं, म्हणजे त्याच्या वयाच्या मानाने ठीकठाक वाढलेलं आहे, फक्त लवकर आलंय. दुसरं अडतिसाव्या आठवड्यात जन्मलं, म्हणजे दिवस भरलेत पण वाढ खुंटली. वजनकाट्यावर दोघं सारखी, थायरॉइडच्या बाबतीत मात्र अगदी निराळी.

पहिल्या बाळाची अडचण ही की पिट्युटरी, तिला हुकूम देणारा मेंदूतला भाग (हायपोथॅलॅमस) आणि खुद्द ग्रंथी ही सगळी साखळी अजून कच्ची असते. आईकडून येणारा टी४ अचानक बंद झालेला असतो. जन्मानंतरची टीएसएचची उसळ त्यांच्यात लहान असते आणि टी४ पुरेसा चढत नाही, उलट अगदी लहान बाळांत पहिल्या आठवड्यात तो आणखी घसरतो. एवढा कमी टी४ असूनही टीएसएच नॉर्मल दिसतो, कारण तगादा लावणाराच अर्धा झोपेत असतो. बाळ जितक्या कमी आठवड्यांचं, तितकी ही घसरण मोठी, आणि तिसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेल्यांत ती खूपच आढळते. भरीस भर म्हणून अतिदक्षता विभागातली काही औषधं टीएसएच आणखी दाबतात. डोपामाइन आणि स्टेरॉइड ही त्यातली नेहमीची नावं. त्वचेवर चोपडलेलं आयोडीनयुक्त जंतुनाशक कोवळ्या त्वचेतून आत जाऊन ग्रंथीला काही काळ बंदच पाडू शकतं. आयोडीन कमी पडलं तरी ग्रंथी अडते आणि अती झालं तरी अडते. मोठ्यांची ग्रंथी या अतिरेकातून लवकर सावरते, कमी दिवसांच्या बाळाची सावरत नाही.

मग अशा सगळ्या बाळांना हार्मोन देऊन टाकावं का? मोह होतो खरा, कारण कमी टी४ आणि पुढच्या विकासातल्या अडचणी यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. पण सरसकट टी४ देऊन पाहिलेल्या चाचण्यांत सगळ्यांना फायदा झाल्याचं सिद्ध झालं नाही. बाळ आजारी आहे म्हणून टी४ कमी आहे, की टी४ कमी आहे म्हणून बाळ मागे पडतंय, हा गुंता सुटायला कठीण आहे. त्यामुळे टी४ कमी आणि टीएसएच नॉर्मल एवढ्यावर सहसा औषध देत नाहीत, लक्ष ठेवतात.

पुन्हा तपासण्याची गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत असं होतं की पहिल्या टाचेच्या तपासणीत टीएसएच नॉर्मल येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी, साखळी पिकल्यावर, तो एकदम चढतो. ग्रंथी आधीपासूनच कमजोर होती, फक्त ते सांगणारं कुणी नव्हतं. पूर्ण वजनाच्या बाळांत असा उशिरा चढणारा टीएसएच अगदी क्वचित दिसतो, या चिमुकल्यांत तो कितीतरी पटींनी जास्त आढळतो. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी अशा बाळांचं रक्त दोन आठवड्यांच्या सुमारास पुन्हा घेतात. पालकांना वाटतं, एकदा झालं की, आता कशाला परत टोचायचं? तर यासाठी.

दुसरं बाळ, दिवस भरलेलं पण वाढ खुंटलेलं, याची कहाणी वेगळी. इथे बहुधा वार नीट काम करत नसते. अन्न आणि प्राणवायू कमी पोचतो. अशा गर्भांच्या नाळेतून गर्भावस्थेतच रक्त घेऊन केलेल्या अभ्यासांत टीएसएच थोडा जास्त आणि टी४ थोडा कमी सापडला आहे. त्यांची तगादा लावणारी यंत्रणा शाबूत असते, ग्रंथीच जरा अपुरी पडते. जन्मानंतरही काही अभ्यासांत या बाळांचा टीएसएच सरासरीपेक्षा किंचित वर दिसतो, काहींत दिसत नाही. ग्रंथी ताणाखाली आहे एवढंच यातून कळतं. बहुतेक वेळा हा फरक आपोआप निवळतो.

आता समजा, कुणी हजारो बाळांचे टी४ आणि वजन घेऊन आलेख काढला आणि म्हणालं, वजन वाढतं तसा टी४ वाढतो. आकडे खरे असतील. पण त्या रेषेवर डावीकडे बसलेली बरीच बाळं लवकर जन्मलेली असतात. गर्भाचे आठवडे हिशेबात घेतले की वजनाचा स्वतःचा वाटा बराच आक्रसतो. इथे आठवडेच वजनाचा मुखवटा घालून वावरत असतात. म्हणून नुसतं वजन लिहिलेला आणि गर्भाचे आठवडे न लिहिलेला थायरॉइडचा रिपोर्ट मला अर्धवट वाटतो.

उलट दिशेची शंकाही अनेकांना येते: थायरॉइड मंद असल्यामुळे बाळ लहान जन्मलं का? जवळजवळ नेहमीच, नाही. गर्भातली वाढ मुख्यतः इन्सुलिन आणि त्याच्या कुळातल्या वाढ घडवणाऱ्या घटकांवर चालते, थायरॉइड हार्मोनवर नाही. जन्मजात थायरॉइड मंद असलेली बाळं साधारण नॉर्मल वजनाची असतात, काही तर चार किलोच्या वर जातात, आणि बरीचशी तारीख उलटून गेल्यावर जन्मतात. त्यांच्या हाडांची वाढ मात्र मागे असते. गुडघ्याचा एक्स-रे काढला तर दिवस भरलेल्या बाळात दिसायला हवीत ती हाडांची केंद्रं काहींत दिसत नाहीत, आणि डोक्याची मागची टाळू अपेक्षेपेक्षा मोठी लागते. गुटगुटीत बाळ म्हणजे थायरॉइड ठीक, हा हिशेब त्यामुळेच चुकतो.

मुलगा की मुलगी, या प्रश्नात खरी गंमत आहे. निरोगी बाळांचे मोठे गट तपासले तर मुलग्यांचा टीएसएच सरासरीने मुलींपेक्षा किंचित जास्त आल्याचं अनेक अभ्यासांत दिसतं. यावरून कुणीही म्हणेल की थायरॉइड मंद असण्याचा आजार मुलांत जास्त असणार. प्रत्यक्षात उलट आहे. जन्मजात थायरॉइड मंद असलेल्या बाळांत मुली मुलांच्या जवळपास दुप्पट असतात.

हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? कारण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सरासरीतला तो फरक इतका लहान आहे की एका बाळाच्या रोजच्या चढउतारात तो बुडून जातो. मुलांसाठी वेगळी आणि मुलींसाठी वेगळी मर्यादा ठेवायची गरज त्यामुळे पडत नाही. आजार मात्र सरासरी थोडी इकडे-तिकडे सरकल्याने होत नाही. ग्रंथी नीट घडलीच नाही तर होतो. जिभेच्या मुळापासून गळ्यापर्यंतच्या त्या प्रवासात ग्रंथी वाटेतच अडकते, किंवा अजिबात तयार होत नाही. मुलींचं जास्तीचं प्रमाण मुख्यतः याच प्रकारात दिसतं, विशेषतः ग्रंथी भलत्या जागी राहिलेल्यांत. ग्रंथी जागेवर आहे पण हार्मोन बनवण्याच्या एखाद्या पायरीत जनुकीय दोष आहे, अशा प्रकारांत मुलं-मुली साधारण सारखीच असतात. ते दोष सहसा आई आणि वडील दोघांकडून यावे लागतात आणि लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नसतात.

मुलग्यांच्या वाट्याला वेगळे दोन प्रकार येतात, आणि दोन्ही एक्स गुणसूत्रावरचे आहेत. रक्तात टी४ वाहून नेणारं एक प्रथिन असतं, टीबीजी. त्याचं जनुक एक्सवर आहे. मुलग्याला एकच एक्स मिळतो, तो सदोष निघाला तर टीबीजी जवळजवळ नसतं आणि एकूण टी४ खूप कमी भरतो. पण मोकळा टी४, जो कामाचा, तो नॉर्मल आणि टीएसएचही नॉर्मल. हा आजार नाही, औषधही लागत नाही. फक्त एकूण टी४ बघणारी तपासणी अशा मुलग्याला आजारी ठरवते. दुसरा प्रकार याच्या उलटा आणि जास्त फसवा. आयजीएसएफ१ नावाच्या जनुकातला दोष, जो २०१२ मध्ये उजेडात आला. त्यात पिट्युटरीच पुरेसा टीएसएच सोडत नाही. मुलग्याचा टी४ खरोखर कमी असतो, पण टीएसएच वाढत नाही, म्हणून फक्त टीएसएच मोजणाऱ्या तपासणीतून तो निसटतो.

जुळ्यांच्या बाबतीत तर मुलगा-मुलगी हा प्रश्न थेट कामाचा ठरतो. दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली असतील तर ती एकाच बीजातून झालेली, एकच वार वाटून घेतलेली असू शकतात. तशा वेळी गर्भात दोघांच्या रक्ताची देवाणघेवाण होते. एकाची ग्रंथी बिघडलेली असली तरी दुसऱ्याचं हार्मोन त्याला पुरतं आणि पहिल्या तपासणीत दोघंही चांगली दिसतात. म्हणून एकाच लिंगाच्या जुळ्यांचं रक्त पुन्हा तपासायचं असा सल्ला आहे. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर ती जवळपास नक्कीच वेगवेगळ्या बीजांतली असतात, त्यामुळे ही भीती फारशी राहत नाही.

हाच टीएसएच एका बाळापुरता न बघता सगळ्या बाळांचा एकत्र पाहिला तर तो निराळं काही सांगतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टीएसएच ५ च्या वर असलेली बाळं ३ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर त्या लोकसंख्येला आयोडीन पुरेसं मिळतंय, असं मानायची पद्धत आहे. एका बाळाचा ६ किंवा ७ म्हणजे काहीच नाही. हजार बाळांत तसे दोनशे निघाले तर आयांच्या आहारात आयोडीन कमी पडतंय.

जन्मजात थायरॉइड मंद असणं साधारण दोन ते चार हजार बाळांत एकाला आढळतं. कॅनडातल्या क्विबेकमध्ये १९७० च्या दशकात झां द्युसो यांनी वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून टी४ मोजून नवजात बाळांची सरसकट तपासणी सुरू केली, आणि मतिमंदत्वाचं टाळता येण्याजोगं एक मोठं कारण हातात आलं. उपचार स्वस्त आणि साधा: लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतला टी४, सुरुवातीला किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम, आणि शक्यतो दोन आठवड्यांच्या आत सुरू. गोळी चुरून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात देतात. लोह, कॅल्शियम किंवा सोयाबीनचं दूध त्याच वेळी दिलं तर औषध नीट शोषलं जात नाही. टाचेच्या कार्डावर टीएसएच ४० किंवा त्याहून जास्त असेल तर शिरेतलं रक्त घेऊन रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायचं, असं युरोपातल्या तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे.

सुरू केलेलं औषध जन्मभराचं असेलच असं नाही. मूल तीन वर्षांचं झालं की, म्हणजे मेंदूची नाजूक वर्षं मागे पडल्यावर, काही जणांत औषध काही आठवडे थांबवून पुन्हा तपासतात. ग्रंथी जिभेच्या मुळाशी अडकलेली किंवा मुळातच नसलेली असेल, म्हणजे ज्या प्रकारात मुली जास्त असतात तो, तर ही परीक्षा घ्यायची गरज नसते, औषध चालूच राहतं. पण ग्रंथी जागेवर असलेल्या आणि लवकर जन्मलेल्या चिमुकल्यांपैकी बऱ्याच जणांत औषध थांबवल्यावरही टीएसएच नॉर्मल राहतो, आणि गोळी कायमची बंद होते.